माळ्यावरच्या सुऱ्या खाली आणायला हव्यात

"ताई, मी २९ वर्षांची आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याला आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मुलगी चार महिन्यांची आहे. ती तीन आठवड्यांची असताना मी काकडी चिरत होते, ती शेजारी पाळण्यात झोपली होती आणि एकदम डोक्यात आलं, ही सुरी आपण हिला मारली तर? हातातून सुरी गळून पडली. तेव्हापासून हे थांबलेलं नाही. गॅलरीत गेले की तिला खाली टाकल्याचं दिसतं. अंघोळीच्या वेळी पाण्यात दाबल्याचं. सगळ्या सुऱ्या आणि विळीसुद्धा मी माळ्यावर टाकली आहे, भाजी चिरलेलीच आणते. गॅलरीचं दार दिवसभर बंद. अंघोळ मालिशवाल्या मावशी नाहीतर सासूबाई घालतात. डोळ्यांपुढे तसं काही आलं की मी रामरक्षा म्हणते, मध्ये एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. नवरा हिंजवडीला जातो, त्याला सारखे फोन करून विचारते, 'मी तिला काही करणार नाही ना?' रात्री तिचे कपडे काढून अंगावर कुठे वळ नाही ना ते बघते. सासूबाई म्हणतात, सुनेला लेकीची माया नाही. कॉलेजात असताना गॅसचं बटण आणि कुलूप पुन्हा पुन्हा बघायची सवय होती, पण ती कमी झाली होती. एका डॉक्टरांना थोडंसं सांगून पाहिलं, ते म्हणाले, ताण घेऊ नका, मन रमवा. सगळं सांगायची हिंमत होत नाही, मुलीला माझ्यापासून तोडतील. तिला सासूबाईंकडे ठेवून मी वर्षभर साताऱ्याला माहेरी जाऊ का? आणि खरं सांगा, मी तिला काही करणार नाही ना? फक्त एकदा सांगा."

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावाचून पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. लेकीला इजा करू पाहणारी बाई मला तुझ्या पत्रात कुठेही दिसली नाही. दिसली ती एका आजाराने पिळून निघालेली आई. पत्रावरून निदान करता येत नाही, ते मनोविकारतज्ज्ञ तुझ्याशी समोरासमोर बोलूनच करतील. पण तू लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ओसीडीच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याच्या वर्णनात बसतं. बाळंतपणानंतर हा आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो किंवा जुना असेल तर बळावतो, आणि तेव्हा त्याचा विषय बहुतेक वेळा बाळच असतं. हे उत्तर मी तुला एकदाच देते आहे. पुन्हा देणार नाही. असं का, ते पुढे येईलच, कारण मला तुला मुख्य सांगायचं आहे ते तेच.

आधी त्या विचारांबद्दल. रेल्वेच्या फलाटावर उभं असताना 'आत्ता उडी मारली तर', देवापुढे हात जोडताना एखादी घाणेरडी शिवी, झोपलेल्या माणसाकडे बघून 'याचा गळा दाबला तर' असं काहीबाही चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या मनात येतं. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना असे विचार येतात का, हे विचारलं होतं. बहुतेकांनी हो म्हटलं. त्यातले कोणते विचार रुग्णांचे आणि कोणते निरोगी माणसांचे, हे नुसतं वाचून ओळखणं जाणकारांनाही अवघड गेलं. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार येऊन गेला होता. आणि नव्या आयांबद्दल म्हणशील, तर आपल्याच हातून बाळाला मुद्दाम इजा होईल असा विचार जवळपास निम्म्या आयांच्या मनात कधी ना कधी चमकून जातो, असं संशोधकांना आढळलं आहे. तुझ्या सोसायटीत संध्याकाळी बाळांना खाली घेऊन येणाऱ्या बायकांपैकीही कितीतरी जणींच्या. त्या बोलत नाहीत, कारण हे बोलायचं कुणाशी?

मग फरक कुठे पडतो? दुसऱ्या आईच्या मनात ते येतं, ती चरकते, 'शी, काय हे' म्हणते आणि कुकर लावायला जाते. तू तिथेच थांबलीस. हे माझ्या मनात आलंच कसं, म्हणजे मी आतून तशीच असणार, असा अर्थ तू लावलास. सगळ्यांत मोलाची गोष्ट कोणती, ते ओसीडीला बरोबर कळतं आणि तो तिथेच बोट ठेवतो. भाविक माणसाला देवाबद्दलचे घाण विचार छळतात, सज्जन शिक्षकाला मुलांबद्दलचे, आणि लेकीवर जीव टाकणाऱ्या आईला लेकीबद्दलचे. असे नकोसे विचार येतात म्हणून आईच्या हातून बाळाला इजा होण्याचा धोका वाढतो, असा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. विचार आला की तुला जी धडकी भरते ती खरी असते, आणि ती जाण्यासाठी तू काहीतरी करतेस. सुरी लपवतेस, दार लावतेस, रामरक्षा म्हणतेस, फोन करतेस, वळ शोधतेस. घडीभर बरं वाटतं. पण तुझ्या मेंदूने तेवढ्यात काय शिकून घेतलं? की धोका खराच होता आणि सुऱ्या माळ्यावर होत्या म्हणून आज मुलगी वाचली. म्हणजे उद्या आणखी सावध राहायला हवं. सावकाराचं व्याज फेडल्यासारखं आहे हे. रोज भरतेस, त्या दिवसापुरती सुटतेस आणि मुद्दल तसंच राहतं. तीन आठवड्यांच्या बाळापाशी एकदा आलेला विचार तीन-साडेतीन महिन्यांत स्वयंपाकघर, गॅलरी, न्हाणीघर, नवऱ्याचा फोन आणि देवघर एवढं सगळं व्यापून बसला, तो विचाराच्या जोरावर नाही. त्याला दिलेल्या प्रत्येक उत्तराने त्याला जागा करून दिली.

म्हणूनच 'फक्त एकदा सांगा' हे वाचून मला तुझी फार काळजी वाटली. असं तू नवऱ्याला किती वेळा म्हणाली असशील! तो दर वेळी 'नाही गं, वेडी आहेस का' म्हणतो, तुला हायसं वाटतं आणि तासाभरात पुन्हा वाटतं, त्याला सगळं कुठे माहीत आहे? आता ताईंना विचारू. माझं हे उत्तरही तसंच वापरलं जाईल, हे मला माहीत आहे. रात्री दोन वाजता मोबाइल काढून वरचा परिच्छेद परत वाचावासा वाटेल. नको वाचूस. इंटरनेटवर आयांच्या बातम्या शोधून स्वतःशी ताडून बघणं हीही त्यातलीच गोष्ट. तुला हवी आहे ती शंभर टक्के खात्री, आणि ती या जगात कुठल्याच आईला कुठल्याच बाबतीत मिळत नाही. बाकीच्या तिच्यावाचून जगतात. तुलाही तसं जगता येईल, आणि ते शिकवणारी पद्धत आहे.

तिचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी त्या काळी असाध्य समजल्या जाणाऱ्या रुग्णांवर या तऱ्हेचे उपचार केल्याचं पहिल्यांदा मांडलं, आणि आज ओसीडीसाठी सगळ्यांत भरवशाची मानसोपचार पद्धत हीच आहे. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर थोडंथोडं जायचं आणि भीती घालवण्यासाठी नेहमी जे करतो ते करायचं नाही, एवढंच तिचं सूत्र. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना घाम फुटतो, म्हणून ते शिकलेल्या माणसाच्या सोबतीने करायचं. तुझ्या बाबतीत थेरपिस्ट कदाचित असं सुरू करतील: सुऱ्या माळ्यावरून खाली येऊन ओट्याच्या खणात. मुलगी आतल्या खोलीत असताना तू काकडी चिरायची. मग ती पाळण्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी. मग पहिल्या दिवशी होती तशी, अगदी शेजारी. चिरताना विचार येणारच. आला तर येऊ द्यायचा. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला हाकलायचं नाही, फोन करायचा नाही, काकडी चिरत राहायचं. छाती धडधडेल. बऱ्याचदा ती हळूहळू कमी होते आणि कधी होतही नाही, पण धडधड असतानाही कोशिंबीर पूर्ण झाली, हे तुझ्या अनुभवाला येतं. तो अनुभव कुणी सांगून मिळत नाही. गॅलरी आणि अंघोळ यांचंही तसंच, तुझ्या गतीने.

रामरक्षेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मुली हमखास अडखळतात. देवाचं म्हणणं सोडायचं का? मुळीच नाही. दिवेलागणीला, मुलीला मांडीवर घेऊन, प्रेमाने एकदा रामरक्षा म्हण. शब्द चुकला तर चुकला, पुढे जा. तुझ्या आजीचेही चुकत असतील, तिच्या रामाने ते चालवून घेतलं. पण विचार आला म्हणून, तो पुसून टाकायला, बिनचूक होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटली, तर ती त्या वेळी प्रार्थना राहिलेली नसते. तिचं काम कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघण्यासारखंच झालेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे, म्हटली नाही तर काय वाटतं? चुकल्यासारखं वाटलं तर ती सवय आणि श्रद्धा. मुलीचा जीव जाईल असं वाटलं तर तो आजार. सासूबाई मीठ-मोहरीने दृष्ट काढत असतील तर त्यालाही हाच नियम. त्यांच्या समाधानासाठी काढली तर काढू दे, पण तू स्वतः 'आणखी एकदा काढा' म्हणू नकोस.

यापुढचा एक परिच्छेद तुझ्यासाठी नाही, नवऱ्यासाठी आहे. तो त्याला वाचायला दे. तू तो धरून स्वतःला तपासत बसू नकोस, हे लक्ष ठेवायचं काम त्याचं.

प्रसूतीनंतर हजारात एक-दोन बायकांना सायकोसिस नावाचा वेगळा आणि गंभीर आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. त्यात आईला आवाज ऐकू येतात, बाळ बदललं आहे किंवा त्याच्यात काही वाईट शिरलं आहे अशी पक्की समजूत होते, झोप जवळजवळ लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही, बोलणं-वागणं विस्कळीत होतं. इजेच्या विचाराने ती घाबरत नाही, तिला तो बरोबर वाटू शकतो. असं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं आणि बाळाला एकटं तिच्यापाशी ठेवायचं नाही. तुमच्या बायकोने जे लिहिलं आहे ते याच्या उलट टोकाचं आहे. पण जगणं नकोसं झालंय असं ती कधी म्हणाली, तर तेही लगेच मनावर घ्या. १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा चोवीस तास आणि फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

नवऱ्याशी आणखी एक बोलायला हवं, दोघांनी शांत बसून, भांडणाच्या वेळी नव्हे. त्याने फोनवर उत्तरं देणं थांबवायचं आहे. एकदम थांबवलं तर तुला तो दुष्टपणा वाटेल, म्हणून आधी ठरवून, थेरपिस्टच्या सल्ल्याने कमी करत जायचं. तू विचारलंस की त्याने म्हणायचं, "हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी त्याचं उत्तर देणार नाही. तुला त्रास होतोय ते कळतंय, मी आहे." आणि फोनवर दुसरं काहीतरी बोलायचं, मुलीने आज काय केलं, येताना काय आणू. सासूबाईंना तुझ्या मनात येणारी चित्रं सांगायची गरज नाही. बाळंतपणानंतर होणारा एक आजार आहे, त्यावर औषध आहे, हिला मुलीजवळ जायची भीती वाटते ती त्याच्यामुळे, एवढं त्यांच्या मुलाने त्यांना सांगावं. माया नाही हे त्यांचं वाक्य तुला किती लागलं असेल! पण तू अंघोळ घालत नाहीस, सुरीला हात लावत नाहीस, मुलीला घेऊन गॅलरीत येत नाहीस, एवढंच त्यांना दिसतं. कारण कळलं तर त्याच तुझ्या शेजारी उभ्या राहून तुला अंघोळ घालायला लावतील. सुरुवातीला तेवढी सोबत चालेल, पुढे त्यांनी हळूहळू बाहेर जायचं.

औषधाला घाबरू नकोस. ओसीडीत फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्झामिन या जातीची औषधं वापरतात. नैराश्यात देतात त्यापेक्षा मात्रा बऱ्याचदा जास्त लागते आणि पूर्ण फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडून देणारे खूप लोक असतात, तू तसं करू नकोस. यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंदही करायची नसतात. अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना आधी सांग. सर्ट्रालीन दुधातून बाळापर्यंत फार थोडं पोहोचतं, म्हणून पाजणाऱ्या आयांसाठी डॉक्टर बहुधा त्याचा विचार पहिल्यांदा करतात. निर्णय त्यांचा आणि तुझा.

मुलीला तोडतील ही भीती तुला इतके दिवस गप्प ठेवते आहे, म्हणून तीही बाजूला करू. मनोविकारतज्ज्ञांना हे विचार रोजचे आहेत. तू सांगशील तेव्हा ते दचकणार नाहीत, उलट नेमके प्रश्न विचारतील. तुझी माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्यात असंही आहे की एखाद्या आईला मानसिक उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं, तरी तिच्या तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बाळाला खरोखर धोका असेल तरच त्याला अपवाद आहे. आणि तुला तर दाखल व्हायचीही गरज पडेल असं मला वाटत नाही, ओसीडीचे बहुतेक उपचार बाहेरूनच होतात.

पुण्यात तुला पर्याय आहेत. स्टेशनजवळ ससूनमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे, खर्चाची अडचण असेल तर तिथे जा. खासगी मनोविकारतज्ज्ञ तुझ्या भागातही आहेत. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना फोनवरच सरळ विचार, "तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?" हो म्हणाले तर वेळ घे. 'मुलीबद्दलचा तुमच्या मनातला दडलेला राग शोधू' असं कुणी म्हणालं, किंवा नुसतं मन रमवायला सांगितलं, तर दुसऱ्याकडे जा. तुझे आधीचे डॉक्टर वाईट नसतील, पण तू त्यांना थोडंसंच सांगितलंस आणि त्यांनीही खोदून विचारलं नाही. या वेळी बोलता आलं नाही तर हे पत्र मला पाठवलंस तसंच कागदावर उतरवून त्यांच्या हातात दे.

पुढचंही आत्ताच सांगून ठेवते. कॉलेजातलं गॅसचं बटण आणि आजची सुरी एकाच आजारातून आलेली आहेत. मधली काही वर्षं तो शांत होता. आता बाळंतपण, तुटलेली झोप आणि नवी जबाबदारी यांनी तो उसळला. उपचारांनी तो बहुतेकांचा खूप आटोक्यात येतो, पण काहींचा पुन्हा डोकावतोही, आणि येताना विषय बदलून येतो. मुलगी शाळेत जाईल तेव्हा बसच्या अपघाताची चित्रं येतील किंवा हाताला जंतू लागल्याची शंका. विषयात अडकू नकोस. विचार, धडकी, काहीतरी करून सुटका आणि पुन्हा विचार ही साखळी दिसली की समजायचं, तोच आहे, आणि आज शिकशील ते तेव्हा वापरायचं. जागरणाने हा आजार चिडतो, म्हणून रात्रीचं एक पाजणं तरी नवऱ्याकडे दे. दूध काढून ठेवता येतं. सलग चार-पाच तास झोप ही चैन नाही, तुझ्या उपचाराचा भाग आहे.

साताऱ्याला जाऊ का, असं विचारलं आहेस. चार दिवस आईच्या हातचं खायला, मुलीला बरोबर घेऊन, खुशाल जा. मुलीला इथे ठेवून, तिच्यापासून लांब राहायला म्हणून जाऊ नकोस. सगळ्या लपवलेल्या सुऱ्यांमधली ती सगळ्यांत मोठी ठरेल, आणि वर्षाने परत येशील तेव्हा भीती तशीच असेल आणि मुलगी चालायला लागलेली असेल.

या आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घे, नवऱ्याला बरोबर ने. मुलीलाही ने, ओपीडीत बाळं घेऊन आलेल्या आया असतात. मला नंतर जरूर लिही. 'नक्की ना, ताई?' असं विचारलंस तर मी उत्तर देणार नाही. सुऱ्या कुठवर खाली आल्या ते कळवलंस, तर त्या पत्राला मी सविस्तर उत्तर देईन.